गाडीत बसलेली बाई

स्टेनवरला त्या दीपगृहाचा वीट आला होता. दीपगृह तिचंच, तिनेच कागदावर उभं केलेलं. पण नोव्हेंबर सरता सरता त्यातल्या दिव्याचं नाव काढलं तरी तिचं कपाळ दुखायला लागे. आमच्याकडे कादंबऱ्या वर्षभर येत नाहीत. शरद संपला की डोंगरावरच्या मेंढ्या जशा सगळ्या एकदम खाली उतरतात, तशी पुस्तकं उतरतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती ज्याच्या त्याच्या हातात पडेपर्यंत लेखकाला उसंत नसते. ग्रंथालय, वृद्धाश्रम, मासळीच्या कारखान्याचं कॅन्टीन, बायकांचं विणकाम मंडळ, जिथे चार खुर्च्या आणि कॉफीची किटली असेल तिथे जाऊन उभं राहायचं आणि वाचायचं. कंटाळा आला म्हणून घरी बसलात, तर पुस्तकही घरीच बसतं.

स्टेनवर साठी ओलांडलेली. ही तिची अकरावी कादंबरी, एका दीपगृहवाल्याच्या बायकोची, सव्वाशे वर्षांपूर्वीची. लिहून झाली त्याला चार वर्षं होऊन गेली होती. मग प्रकाशकाने ती अडवली, मग मुखपृष्ठावरून भांडणं झाली, आणि आता कुठे ती बाजारात आली होती. लोकांना ती ताजी; स्टेनवरला ती शिळ्या उकडलेल्या बटाट्यासारखी. रोज तीच सहा पानं वाचायची, लोक हसतात त्या वाक्याला थांबायचं, पुन्हा वाचायचं. प्रकाशकाकडची हेरदिस नावाची मुलगी रोज सकाळी फोन करी आणि "आज जरा आनंदी दिस हं, कालच्या फोटोत तू दफनाला आल्यासारखी दिसतेस," असं बजावी.

पण खरा घोर वेगळाच होता. पहाटे उठून, हॉटेलच्या अरुंद टेबलावर लॅपटॉप उघडून, ती दुसरंच काहीतरी लिहीत होती. त्याआधी तीन वर्षं तिला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं. मग गेल्या वसंतात एक बाई तिच्यापुढे येऊन बसली आणि बोलायलाच लागली. म्हाताऱ्या, भ्रमिष्ट आईला सांभाळणारी बाई. एका रात्री ती अंगातल्या गाऊनवर कोट चढवून बाहेर पडते आणि दारातल्या गाडीत जाऊन बसते. हीटर चालू करते. खिडकीत आईची सावली इकडून तिकडे फिरताना दिसते, आणि बाई मनात म्हणते, पड. एकदाची पड.

हा प्रसंग स्टेनवरने रचलेला नव्हता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा, सोलरूनचा होता. आईला अखेरची वर्षं सोलरूननेच सांभाळलं. स्टेनवर राजधानीत कादंबऱ्या लिहीत होती आणि रविवारी फोन करीत होती. आई गेल्यावरच्या उन्हाळ्यात दोघी गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसल्या होत्या, तेव्हा सोलरूनने हे सांगितलं. कुंडात सांगितलेलं कुंडातच राहतं, एवढं आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. स्टेनवरलाही कळत होतं. पुस्तक पुरं झालं की सांगू तिला, असं ती स्वतःला बजावत होती, आणि तोवर तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती.

भीती एकच होती, दीपगृहाच्या त्या रोजच्या रेट्यात ही नवी बाई हरवून जाईल. दोन पुस्तकं एका डोक्यात नांदत नाहीत. ज्याचं नाव रोज घ्याल तेच घर बळकावतं. म्हणून स्टेनवरने आपली एक युक्ती काढली होती. एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी चालवत जाताना ती नव्या पुस्तकातली पानं मोठ्याने म्हणायची. पाठच झाली होती. खिंडीत वारा गाडीला ढकलत असे आणि ही आत एकटीच बडबडत असे, "ती गाडीत बसली. तिने हीटर लावला." मग ग्रंथालयाच्या दारात गाडी थांबवून, ओठ पुसून, आत जाऊन दीपगृह.

आणि त्या दिवशीचं वाचन सोलरूनच्याच गावी होतं.

दुपार कलतानाच अंधारलं होतं. ग्रंथालयात आस्गेर्द, तिथली ग्रंथपाल, पुस्तकांच्या गाड्या ढकलून जागा करीत होती. "आलीस का गं बाई! मला वाटलं खिंड बंद झाली. कॉफी घे. चेहरा काय झालाय तुझा?"

"वाचून वाचून झालाय."

"मग आज कमी वाच. आमच्या लोकांना वाचण्यापेक्षा विचारण्यात रस असतो."

लोक चांगले वीस-पंचवीस जमले. पुढच्या रांगेत विणकामवाल्या, सुया चालूच. मागे कॉफीच्या किटलीशेजारी सोलरून उभी होती. चिमट्याने ताटलीत क्लाइनुर रचत होती. हे तळलेले पिळाचे गोड तुकडे तिनेच करून आणले होते. ती बसली नाही. बहिणीच्या वाचनाला ती कधीच बसत नसे. उभी राहून ऐके, कोणी मध्ये बोललं तर त्याच्याकडे बघे.

स्टेनवरने सहा पानं वाचली. लोक ठरल्या जागी हसले. मग प्रश्न सुरू झाले, आणि इंगिमुंदुर नावाचा म्हातारा उठला. जन्म होडीवर घालवलेला, आता दात आणि ऐकू येणं दोन्ही कमी, पण पुस्तक अक्षर न् अक्षर वाचून आलेला.

"स्टेनवर, मला एक सांग. त्या वादळाच्या रात्री ती बाई आजारी नवऱ्याला टाकून बाहेर जाते. पहाटे परत येते. मधल्या वेळात ती होती कुठे? तू लिहिलंच नाहीस. मी दोनदा वाचलं."

हा प्रश्न तिला प्रत्येक गावात कोणी ना कोणी विचारलाच होता. त्याचं उत्तरही घोटून तयार होतं, वाचकाने ते आपल्या मनाशी ठरवावं वगैरे. पण पाय दुखत होते, खोली गरम होती, आणि तासाभरापूर्वी खिंडीत म्हटलेली पानं अजून जिभेवरच होती. तिने तोंड उघडलं आणि जे वर होतं तेच बाहेर आलं.

"ती गाडीत बसली होती," ती म्हणाली. "दारातच. हीटर लावून. तिथून तिला खिडकी दिसत होती. आई इकडून तिकडे फिरत होती, हिला हाका मारत होती, भलत्याच नावाने. आणि ही मनात म्हणत होती, पड. एकदाची पड, म्हणजे मी सुटेन. ती वाईट नव्हती हो. ती फक्त दमली होती."

इंगिमुंदुर कानामागे हात धरून म्हणाला, "गाडीत? त्या काळी? अगं, तेव्हा या फ्योर्डाच्या खाडीकाठी चाकाची ढकलगाडी नव्हती, आणि तुझी बाई हीटर लावून बसली?"

सगळे खो खो हसले. विणकामवाल्यांच्या सुया थांबल्या. "दमली बिचारी, लेखिकाच दमली!" आस्गेर्द म्हणाली, आणि टाळ्यासुद्धा वाजल्या. स्टेनवरही हसली. हसता हसताच तिने मागे पाहिलं. सोलरूनच्या हातात चिमटा तसाच धरलेला होता आणि ती हसत नव्हती. तिने चिमटा ताटलीत ठेवला, खुंटीवरचा कोट काढला आणि बाहेर गेली.

त्यानंतर तासभर स्टेनवर पुस्तकांवर सह्या करीत होती. "आजीला, नाताळानिमित्त." "प्रिय काकूला." हात चालत होता, नजर पुन्हा पुन्हा दाराकडे जात होती.

सोलरूनच्या स्वयंपाकघरात दिवा होता. टेबलावर दोन ताटं मांडलेली, हॅडॉक मासा उकडून तयार, बटाटे, लोणी. दोघी समोरासमोर बसल्या.

"मीठ दे," सोलरून म्हणाली. बटाट्यांवर ते भुरभुरलं. मग, "किती झालंय?"

"काय किती?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस. पुस्तक."

"नव्वद-एक पानं."

"आणि त्यात मी."

"तिचं नाव वेगळं आहे. ती पूर्वेला राहते. तिला एक मुलगा आहे, तो जहाजावर असतो."

"म्हणजे माझ्याच घराला बाहेरून रंग मारलास." सोलरूनने माशाचा काटा ताटाच्या कडेला लावला. "आणि या गावात ते कोणाला ओळखू येणार नाही, असं वाटतं तुला? आज लोक हसले, कारण त्यांना वाटलं तू चुकलीस. छापून आल्यावर कोण हसेल? तू येतेस, वाचतेस, जातेस. मला उद्या त्याच दुकानात दूध आणायला जायचंय."

"सोलरून, ती बाई चांगली आहे. लोक रडतील तिच्यासाठी."

"मला नकोय कोणी रडायला! मी रडले तेवढं पुरे आहे." तिचा आवाज चढला, मग पुन्हा खाली आला. "विचारायचं होतंस मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं."

स्टेनवर भांडायला लागली. उत्तर नसलं की माणूस आवाज वाढवतो, मग तो लेखक असो की खलाशी. "तुला माहीत नाही, तीन वर्षं मी रोज सकाळी कोऱ्या कागदापुढे बसत होते. तीन वर्षं! मला वाटलं, संपलं आता. मग हे आलं. पहिल्यांदा काहीतरी जिवंत आलं. या एकाच गोष्टीवर मी उभी आहे, समजतंय तुला?"

"समजतंय की. आपल्या कळपावर मरी आली म्हणून शेजाऱ्याची मेंढी कापलीस."

"ती माझीही आई होती!"

"होती ना. आई तुझीही होती. गाडीत मात्र मी एकटीच होते."

स्टेनवरने हातातला काटा-चमचा खाली ठेवला. रागाचा जोर ओसरला आणि मागे नुसता थकवा राहिला, एका गावाचा नाही, सगळ्या गावांचा. "बरं," ती म्हणाली. "आता विचारते. लिहू का?"

सोलरून उठली, ताटं उचलली, नळाखाली धरली. पाणी बंद करून ती वळली. "विचारलंस, बरं केलंस. नाही."

"मग पुसून टाकते. आत्ता, तुझ्यासमोर."

"तमाशा नको. डोक्यातून पुसता येणार आहे का तुला?"

"नाही."

"मग मशीनमधून पुसून काय उपयोग? राहू दे तिथेच. पण छापायचं नाही."

त्या रात्री स्टेनवर आईच्या जुन्या खोलीत झोपली आणि बहिणीचा द्वेष करत राहिली. अगदी मनापासून, लहानपणी करायची तसा. आणि त्याच मनाने तिला हेही ठाऊक होतं की सोलरूनच्या जागी आपण असतो तर आपणही नाहीच म्हटलं असतं, आणि ताट आपटून म्हटलं असतं. सवयीने पहाटे जाग आली. ती लॅपटॉप उघडून बसली. बाई गाडीतच होती, पण आता ती स्टेनवरकडे बघत होती, आणि तिच्यापुढे एक शब्द लिहिवेना.

सकाळी सोलरूनने भाकरीसारख्या पातळ पोळीत लोणी आणि धुरावलेलं कोकराचं मांस घालून पुडी बांधली. "पुढचं गाव लांब आहे. आणि खिंडीत बडबडत बसू नकोस, रस्ता बघ. बर्फ आहे."

"तुला कसं कळलं मी बडबडते?"

"लहानपणी धडे पाठ करायचीस तेव्हाही अशीच भलत्या वेळी बोलून बसायचीस."

स्टेनवरने कोट घातला. दारात दोघी उभ्या राहिल्या. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. सोलरूनने तिच्या गळ्याभोवतीचा मफलर ओढून घट्ट केला, जरा जास्तच घट्ट, आणि म्हणाली, "मी मेल्यावर लिही."

"मी तुझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे."

"मग तब्येत सांभाळ."

आणि दोघी हसल्या. कालपासून पहिल्यांदाच.

फ्योर्डाच्या कडेकडेने गाडी जात होती. दीपगृह दुपारी, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. स्टेनवर आज काही म्हणत नव्हती. वळणावर वळणं गेली आणि तिच्या ध्यानात आलं की आपण कसलातरी हिशेब करतोय. आई ब्याण्णवाव्या वर्षी गेली. आजी त्याहून उशिरा. सोलरून आईवर गेली आहे, अंगापिंडाने, हाडापेराने. म्हणजे अजून तीस वर्षं धरायची. फार झाली. मध्ये काही दुखणं निघालं तर मात्र...

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. तिला स्वतःची एवढी किळस आयुष्यात कधी आली नव्हती. बऱ्याच वेळाने तिने फोन काढला.

"काय विसरलीस?" सोलरूनने विचारलं.

"काही नाही. तू गोळ्या घेतल्यास का, सकाळच्या? रक्तदाबाच्या?"

सोलरून म्हणाली, "घेतल्या. हे तू माझ्या काळजीने विचारतेस की पुस्तकाच्या घाईने?"

स्टेनवरने डोळे पुसले. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"दोन्ही," ती म्हणाली.

"बरं झालं, विचारलंस," सोलरून म्हणाली, आणि फोन ठेवला.