गेटवर बोललेलं

आमच्या घरात कॅन्सरला ‘ते’ म्हणायचे. ‘ते’ आईच्या पोटात होतं, आणि घणसोलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याचं नाव घेणं म्हणजे त्याला आवतण देणं, असं बाबांचं आणि माझं ठाम मत होतं. जणू ते आधीच घरात पाय पसरून बसलेलं नव्हतं.

आईने तीनदा प्रयत्न केला. एकदा मेथी निवडताना, एकदा केमोहून परतताना रिक्षात, आणि एकदा मी तिचे पाय चेपत होते तेव्हा. “अगं, मी गेल्यावर...” एवढंच म्हणायची. मी लगेच तोंडावर बोट ठेवायचे. “शुभ बोल गं जरा! काही होत नाही तुला.” बोलताना आवाज असा चढवायचे की तिने पुढे जाऊच नये. याला मी धीर देणं म्हणत होते. बाबा तर विषय निघायच्या आधीच चपला घालून खाली चकरा मारायला जायचे.

तिला अन्न जात नव्हतं. तरी दर दोन दिवसांनी लिफ्टने खाली उतरायची, सोसायटीच्या गेटवर दिवाळे गावातून येणाऱ्या कोळणीकडे. अर्धा-पाऊण तास तिथेच. वर यायची ती बोंबलांची पिशवी घेऊन. फ्रीजरमध्ये पिशव्यांवर पिशव्या चढल्या, तेव्हा मी तिच्यावर ओरडले, “खाणार कोण हे? आणि डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?”

“तेवढीच हवा लागते गं,” ती म्हणाली.

ती गेली. बायकांनी तिला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. “भाग्यवान हो, अहेवपणी गेली.” मला त्या भाग्याची शिसारी आली. शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, “काही सांगून ठेवलं होतं का त्यांनी?” मी “नाही” म्हटलं.

मग मी डोकं शिणवत बसले. ‘मी गेल्यावर’ काय? पाटल्या कुणाला? गावच्या मामाला काही कळवायचं होतं? बाबांना विचारलं, तर त्यांनी हात जोडले. “आता नको तो विषय.”

महिन्याभराने एका सकाळी कामावर निघाले होते. गेटवर कोळणीने हाक मारली. “तुजी आय मेली नं, बाय?”

असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी ‘गेल्या’, ‘सुटल्या’. मी म्हटलं, “हो. मेली आई.” हा शब्द पहिल्यांदाच तोंडातून बाहेर पडला. मग मी ऑफिसच्या कपड्यांत तिच्या टोपलीशेजारी उकिडवी बसून, वॉचमनसमोर, ढसाढसा रडले. तिने मला रडू दिलं.

थोड्या वेळाने मी विचारलं, “मावशी, तिची काही इच्छा राहिली होती का? तुमच्याशी बोलली होती काही?”

“इच्छा कसली? तिला भ्या वाटायचा. माजा हात धरून बसायची. बोलायची, घरान बोलता येत नाय, पोर घाबरते माजी.”

शेवटचे चार महिने आई माझ्याच पलंगावर, माझ्या शेजारी झोपत होती.