मे महिन्यातला गार पाय

आमच्या ओपीडीच्या दाराशी चपला साचतात, तसे माझ्याकडे किस्से साचतात. फरक एवढाच, की चपला संध्याकाळी आपापल्या पायांसोबत घरी जातात. बहुतेक!

मी व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांची डॉक्टर. लग्न जमलं तेव्हा सासूबाईंच्या बहिणीने चौकशी केली, "हार्टची का?" नाही. "मंग ब्रेनची?" नाही, माझ्याकडे जास्त करून पायच येतात.

त्या सासूबाईंकडे वळल्या, "बारा वर्षं शिकून पायच?"

*

पायाची नाडी पावलावर बोटं ठेवून पाहतात. खापा गावचे एक आजोबा, मी वाकले की लगेच माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. "सुखी राय पोरी!"

"आजोबा, नाडी लागत नाहीये."

"लागन, लागन! आशीर्वाद देला ना म्या!"

*

सावनेरचे एक काका, खाणीतून रिटायर झालेले. मी दम दिला, "बिडी सुटली नाही तर पाय जाईल."

त्यांनी नीट विचार केला. "मॅडम, पाय तं दोन हायत!"

हे मी घरी सांगितलं. सगळ्यात जास्त बाबा हसले, म्हणजे माझे सासरे. हातातली सिगरेट विझेपर्यंत.

*

बाबांचा किस्सा मात्र त्याच्या आधीचा, थेट लग्नाच्या मांडवातला. मे महिना, नागपूरचं ऊन, आणि मी पाया पडायला वाकले तर त्यांचा डावा पाय गार. बोटं सवयीने पावलावर सरकली. नाडी नाही. उजव्याला होती. पुन्हा डावा पाहिला. मागे रांग खोळंबली.

बाबा खूष! "पाहा, सून पाय सोडूनच नाही राहिली!"

त्याच आठवड्यात मी घरात सांगितलं. नवरा म्हणाला, "मांडवातही ड्यूटी?" आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "नवी नवरी हायेस, असं अभद्र नको बोलू वं."

मी विषय सोडला आणि चहा टाकायला उठले. ते मला चांगलं जमतं.

बाबा चालता चालता पोटरी धरून थांबायचे. आई तेल चोळायच्या. पावसाळ्यात डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, आणि माझ्या सीनियर सरांना तो पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

वॉर्डाबाहेर आईंनी मला धरलं. "तू तं डॉक्टर ना वं? मंग आधी काहून नाही सांगतलं?"

*

दसऱ्याला सोनं द्यायला घर भरलं होतं. बाबा खुर्चीत, मांडीवर शाल. मी आपट्याची पानं त्यांच्या हातात दिली आणि वाकले.

बाबांनी उजवा पाय स्वतःच पुढे केला, थेट माझ्या बोटांखाली. आशीर्वादाचा हात काही वर आला नाही. सगळे पाहत होते. शेवटी तेच हळूच म्हणाले,

"हाय का वं?"