चटणीच्या डब्याची पूजा

वळसंगला आमच्या घरी खंडेनवमीला जुवापासून खुरप्यापर्यंत सगळ्याची पूजा व्हायची. त्यामुळे सोलापुरात बी.एस्सी.ला असताना, विणकर मित्राच्या घरी मागांना झेंडूचे हार दिसले याचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते शेजारच्या पाटाचं. तिथे माझा चटणीचा डबा हळदीकुंकू लावून बसला होता.

डबा आईनं शेंगाचटणी भरून दिलेला. चटणी होस्टेलवर आठवडाभरात संपली आणि डब्यात मी गिटारसाठी एक यंत्र बसवलं. मित्र गिटार वाजवायचा. एका ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी त्याला सांगितलं होतं, "रेकॉर्डवर गिटार गुरगुरते की नाही? तसा आवाज काढून दाखव, लगेच घेतो तुला." नवमीच्या संध्याकाळीच, पेठेतल्या देवीच्या मांडवात ते त्याला ऐकणार होते. त्यासाठी तो किती दिवस झुरत होता, हे मी पाहिलं होतं.

असलं यंत्र विकत घेणं आमच्या स्वप्नातही नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत एका मासिकात त्याची आकृती सापडली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, याचाच मला केवढा आनंद! नवी पेठेमागच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून दोन ट्रान्झिस्टर आणले. स्विच भंगारातल्या ट्रकचा होता, हेडलाइट खाली-वर करायला ड्रायव्हर पायानं दाबतो तो. एकदा दाबला की गिटार साधी वाजायची, पुन्हा दाबला की गुरगुरायची. मित्राच्या घरच्या जुन्या रेडिओला जोडून आदल्या दिवशी वाजवलं, तेव्हा शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "काय जळालं का रे?" याहून मोठी शाबासकी नव्हती.

आणि आज डबा मुका! साधा आवाज येत होता. स्विच दाबला की सगळं गप्प. बॅटरीला जीभ लावून पाहिली, चांगली झिणझिणली.

"स्क्रू-ड्रायव्हर दे," मी म्हणालो.

"आज हत्यार धरायचं नाही," मित्राची आई म्हणाली. तिला आम्ही दोघंही अम्माच म्हणायचो. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सगळं पाटावर झेंडूखाली निजलं होतं. "उद्या धरा."

"अम्मा, उद्या मास्तर ऐकणार नाहीत!"

"मग हातानं करा की. देवानं बोटं कशाला दिलीत?"

डब्याचं झाकण दाबून बसवलेलं होतं, ते नखानं उचकटलं. मग बोटंच कामाला लावली. रेडिओकडच्या ट्रान्झिस्टरच्या तारेला ओलं बोट टेकवलं, रेडिओ घूं करून बोलला. म्हणजे हा जिवंत. गिटारकडच्याला टेकवलं, तर त्याहून मोठं घूंऽऽ! दोघेही ठणठणीत होते. मग बिघाड त्यांच्याही अलीकडे, गिटारची तार आधी जिथे जाते त्या स्विचमध्येच असणार. डबा कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

मित्रानं आईकडे पाहिलं. "अम्मा, याच्यावर अक्षता किती टाकल्यास?"

"मूठभर. मागावर चिमूटच टाकली. तुझं काम होऊ दे म्हणून याला जास्त."

स्विचचं वरचं रबर फाटलेलं होतं. त्या फटीतून डोकावलो, तर आतल्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा ऐटीत बसलेला. बोट काही आत जाईना. मी हताश होऊन पाटावरच्या हत्यारांकडे पाहिलं. अम्मानंही पाहिलं. मग तिनं अंबाड्यातला आकडा उपसून माझ्यापुढे धरला.

"हे हत्यार नव्हे," ती म्हणाली.

दाणा निघाला. मित्रानं तार छेडली आणि डबा असा गुरगुरला, की अम्मा दचकून मागे सरली आणि मग पदर तोंडाला लावून हसतच सुटली. पण निघताना तिनं बजावलं, "कुंकू लावलंय त्याला. पाय लावशील तर बघ."

आता आली का पंचाईत! गिटारला दोन्ही हात लागतात. शेवटी मांडवात मीच डबा पुढ्यात घेऊन मांडी घालून बसलो. मित्रानं मान हलवली की मी तळहातानं स्विच दाबायचा. पहिल्याच गुरगुरीला ढोलकीवाला "आयला!" म्हणून वाजवायचा थांबला. मास्तरांनी मात्र डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग डोळे उघडून माझ्याकडे बोट केलं.

"हा कोण?"

"हा माझा उजवा पाय, मास्तर," मित्र म्हणाला.

सगळा मांडव हसला. मास्तर म्हणाले, "बरं, तुला पायासकट घेतला. पण पायाला नुसता चहा मिळेल."

पदवी मिळेपर्यंत मी तो चहा प्यालो. स्टेजवर पाय लावायची परवानगी अम्मानं कधी दिली नाही, आणि आम्हीही तिच्याकडे कधी मागितली नाही.