पाच मोजेपर्यंत

दोऱ्याच्या कारखान्यात सगळे त्यांना तेलमामा म्हणत. यंत्रांना तेल घालणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांनी तीस वर्षं मन लावून केलं. फिरता दांडा घासला की तापतो, तेल कमी पडलं की जास्तच तापतो. हे कळायला मामांना पुस्तक लागलं नाही. दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या पेटीवर ते उलटा हात ठेवत आणि मनात मोजत. पाचपर्यंत हात टिकला तर ठीक. तीनलाच उचलावा लागला तर तेलाची झारी आलीच. नव्या साहेबांनी तापमापक आणला, तेव्हा मामांनी आधी हात ठेवून आकडा सांगितला. तो बरोबर निघाला, तापमापक कपाटात गेला आणि मामा महिनाभर ताठ मानेनं हिंडले.

यंदा मात्र यंत्रं कमालीची शहाणी झाली होती. पाचच काय, मामा दहा मोजत, तरी हात जागचा हलत नसे.

"चार नंबर बघा साहेब," ते कौतुकानं म्हणाले, "म्हातारपणी सुधारलं!"

त्या संध्याकाळी वाढता वाढता बायकोनं त्यांचा हात धरला.

"अहो, हा फोड कसला?"

उलट्या हातावर बटणाएवढा फोड टरारून आला होता. मामांनी त्यावर बोट दाबलं. काहीच कळलं नाही. बायकोनं हाताला गरम वाटी टेकवली.

"पोळतंय?"

"नाही गं."

आणि मामांना सगळं उमगलं. चार नंबर सुधारलं नव्हतं. ती पेटी किती दिवस तापत होती कोण जाणे, आणि भोवती सगळी कापसाची धूळ! भरल्या ताटावरून ते उठले. पायात बायकोच्या चपला आहेत, हे कारखान्याच्या फाटकाशी लक्षात आलं.

"साहेब, चार नंबर बंद करा. आत्ताच्या आत्ता!"

यंत्र थांबलं. साहेबांनी तापमापक टेकवला आणि त्यांचा चेहराच उतरला. पेटीच्या कडेची धूळ करपून तपकिरी झाली होती.

"मामा, तुम्ही घरी होतात. कळलं कसं?"

सकाळीच शंका आली होती, असं सांगून वेळ मारून नेता आली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"कळलंच नाही साहेब," मामा म्हणाले. "हाताला कळत नाही आता. महिनाभर मी तुम्हाला चुकीचं सांगतोय."

साहेबांनी तापमापक मामांच्या हातात दिला. "उद्या आधी डॉक्टर. मग झारी आणि हा, दोन्ही घेऊन फिरायचं."

घरी बायको अनवाणीच दारात उभी होती, गारठलेली. थंडीत तळहात एकमेकांवर घासून तिच्या गालांवर ठेवायचे, ही मामांची लग्नापासूनची सवय. आज ते खूप वेळ घासत राहिले.

"झाले का गं गरम?" त्यांनी विचारलं. हे आजवर त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं.

तिनं ते हात गालांवर धरले आणि मोजायला लागली. पाच झाले, दहा झाले, तरी तिनं काही ते सोडले नाहीत.