अप्पांची हाक आणि आईच्या खोलीतली वायर

आयुष्यभर आगीला भ्यालेला माणूस शेवटी साध्या तापाने गेला.

माझे अप्पा. उदगीरला आमचा गादी कारखाना. खाली कापूस, वर आम्ही.

आमच्या लिंगायतांत अग्नी देत नाहीत, पुरतात. अप्पा हसून म्हणायचे, "एवढी एक आग तरी चुकली."

बाकी सगळ्या आगींची त्यांना धास्ती. दुकानात कुणी बिडी काढली तर गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण त्याला बाहेर काढायचे.

आईला कमी ऐकू येतं. म्हणून त्यांनी लातूरहून वायरमन बोलावून धुराचे अलार्म बसवून घेतले. दुकानात, जिन्यात, आईच्या खोलीत. स्वयंपाकघरात मात्र उष्णतेवर वाजणारा, नाहीतर रोजच्या फोडणीला घर दणाणलं असतं.

वायरमन म्हणाला, दुकानात एक बास झाला. अप्पा ऐकेनात. सगळ्यांना जोडणारी एक जादा वायर टाकायला लावली. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत.

"खाली पेटलं तर हिला वर कळाया पाहिजे न्हवं?"

कापसाची पूस, म्हणजे हवेत उडणारे बारीक तंतू, अलार्ममध्ये शिरते आणि तो उगीच वाजतो. त्यामुळे अप्पा स्वतः स्टुलावर चढून ब्रशने साफ करायचे. ते गेल्यावर हे काम कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

भाऊ संध्याकाळी दुकान बंद करून स्वतःच्या घरी जातो. वर आई एकटी. मी नांदेडला. आईने फोन उचलला नाही की मी लगेच भावाला फोन लावते.

आज अप्पांचं पहिलं पुण्यस्मरण. सकाळी पोचले, पाहुणे यायचे होते. सहज दुकानातल्या अलार्मचं टेस्ट बटण दाबलं आणि वर पळाले.

जिन्यातला कोकलत होता.
स्वयंपाकघरातला कोकलत होता.

आई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली.

वर बघितलं. छताला नुसती टेप गुंडाळलेली वायर. अलार्म नव्हताच.

किती दिवस ही बाई अशी कापसाच्या ढिगावर झोपत होती?

तिला हलवून उठवलं. चिडूनच विचारलं, कुणी काढला? म्हणाली, मीच काढायला लावला. सारखा उगीच वाजायचा. मी म्हटलं, मग साफ करून घ्यायचा ना, काढायचा कशाला?

ती पदर सावरून उठून बसली.

"वाजला की वाटतंय, हे खालून हाका मारायलेत. उठून जिन्यापतोर जाते मी. खाली कुणीच न्हाई."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी तिच्याजवळ बसून रडले. पण भीती काही गेली नाही. म्हटलं, आई, खरंच धूर झाला तर तुला कोण उठवणार गं?

तिने त्या टेपकडे बघितलं.

"लावून घे माय. मारू दे त्यांना हाका."

भावाने लगेच गावातल्याच एका वायरमनला बोलावलं. आत्ता तो आईच्या खोलीत शिडीवर आहे, आणि भाऊ खाली ब्रशने पूस काढतोय. पाहुणे हॉलमध्ये चहा घेताहेत. मी जिन्यात बसून हे लिहितेय.

अप्पा, तुम्हाला मनापासून श्रद्धांजली.

आता उगीच हाक मारू नका. ती जिन्यापर्यंत येते हो.

खरंच काही झालं, तर मात्र जोरात मारा.