शोमारीचं छत

समुद्रकाठच्या आमच्या टांगा शहरात जिप्समचं छत करावं तर शोमारीनंच. हे मी म्हणतेय, आणि मी त्याची मेहुणी आहे, उगाच कौतुक करणारी नव्हे. माझी धाकटी बहीण हिदाया त्याची बायको. लग्नानंतर त्यानं स्वतःच्या घरात पत्र्याखाली असं छत लावलं की बघत राहावं! कडेनं वेलबुट्टी, मधोमध गुलाब, निळे दिवे. गिऱ्हाइकं वर बघून "माशाल्ला" म्हणत आणि तिथंच काम सांगून जात.

माझं घर मातीचं, झावळ्यांनी शाकारलेलं. शोमारी चिडवायचा, "ताई, तुमच्याकडे जेवायला बसलं की ताटात पाऊसही वाढतात."

त्यांची लेक रिझिकी चार वर्षांची झाली आणि तिची छाती वाजू लागली, शीळ घातल्यासारखी. शोमारीचं निदान ठरलेलं: समुद्राचा वारा बाधतोय. त्यानं खिडक्यांवरची हवेची भोकं सिमेंटनं बुजवली. दम वाढला, तर दाराखाली चिंध्या कोंबल्या. आणखी वाढला, तर त्या मरणाच्या उकाड्यात पोरीला लोकरीची टोपी! बाप वाईट नव्हता हो. तिच्यावर जीव टाकायचा. दवाखान्यातून आणलेला दम्याचा फवारा रात्री उठून तोच तिच्या तोंडाशी धरायचा.

मग हिदायाला दुसरं बाळ झालं आणि रिझिकी महिनाभर माझ्याकडे आली. मी घाबरले होते. माझ्या घराला भिंत कमी, फटी जास्त. पण आठवड्याभरात शीळ थांबली. पोरगी नारळाच्या दुधातला भात मागून मागून खायला लागली. घरी परत गेली, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आम्ही सगळे तिला दवाखान्यात घेऊन गेलो, तर नर्सबाईंनी विचारलं, "हिला बरं कुठं वाटतं?"

हिदायानं गपचूप माझ्याकडे बोट दाखवलं. नर्सबाईंनी दोन्ही घरांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "त्या छताच्या वर काय आहे, कधी बघितलंय?"

शोमारी भडकला. "माझ्या छतात खोट? आणि ती झोपडी चांगली?"

माझंही डोकं फिरलं. "झोपडी तर झोपडी! तिथं तुझी लेक श्वास घेते. तुला पोरगी सांभाळायचीय की गुलाब?"

तो तरातरा घरी निघाला, मी मागोमाग. रिझिकीला हिदायाबरोबर माझ्या घरी पाठवून त्यानं शिडी लावली आणि कोपऱ्यातला एक तुकडा उचकटला. कुबट भपकारा आला. गळक्या पत्र्यातलं पाणी कित्येक वर्षं छताच्या पाठीवर ठिबकत होतं. खालून पांढरंशुभ्र छत मागून काळ्या बुरशीनं माखलेलं. भोकं बुजवल्यावर ती ओल जाणार तरी कुठं? शोमारी शिडीवरच बसला आणि रडायला लागला.

"ताई, मीच कोंडलं तिला. माझ्या या हातांनी."

मला त्याची दया आली. म्हटलं, "मग त्याच हातांनी मोकळं कर."

त्यानं सगळं उतरवलं, गुलाबासकट. भिंती घासल्या, गळका पत्रा बदलला, भोकं उघडली. घर पार उघडंबोडकं दिसायला लागलं. मग रिझिकीला परत आणलं.

पंधरा दिवसांनी शेखाबाई, म्हणजे आमच्या बी शेखा, आल्या. त्यांच्या घराचं छत शोमारीनंच केलेलं; आता सुनेच्या खोलीसाठी नक्षी निवडायची होती. वर बघतात तर नुसता पत्रा.

"अरे, छत कुठं गेलं तुझं?"

रिझिकी दुपारची जेवून चटईवर झोपली होती. शोमारीनं तिच्याकडे बोट केलं. "ऐका."

"काय ऐकू? काहीच ऐकू येत नाही."

"हो ना," शोमारी म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं त्यांना सगळं सांगितलं.

बी शेखा खुर्चीवर टेकल्या. बराच वेळ पोरीचं हलणारं पोट बघत राहिल्या.

"माझ्या नातवाची छाती वाजते," त्या हळूच म्हणाल्या. "त्याच्या खोलीतली भोकं छत लावताना तूच बुजवलीस."

शोमारीनं छिन्नी-हातोडी उचलली, पायात चपला सरकवल्या आणि त्यांच्याआधी दाराबाहेर पडला.