वर काय ठेवणार?

कंत्राटदाराकडे कामाचा अंदाज काढून देणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. काँक्रीटचा कोबा करायचा म्हटला की लोक लांबी सांगत, रुंदी सांगत आणि "किती होतील बोला" म्हणत. बाई टेप गुंडाळत विचारत, "वर काय ठेवणार?" एकदा एक गिऱ्हाईक वैतागलं, "बाई, जमीन मोजायला आलात की सोयरीक जमवायला?" बाई म्हणाल्या, "दोन्हीकडे आधी विचारलेलं बरं. नंतर तडा गेला की निस्तरता येत नाही."

घड्याळजींच्या घरामागच्या शेडमध्ये मात्र त्यांचा प्रश्न अडला.

"काही ठेवायचं नाही," घड्याळजी म्हणाले. "उठाबसायला जागा. चार इंच धरा."

वीस फूट बाय बारा, जाडी चार इंच. चौदा गोण्या सिमेंट, त्यावर वाळू, खडी, मजुरी. बाईंनी आकडा सांगितला तसा घड्याळजींचा जीव भांड्यात पडला, कारण तेवढेच पैसे त्यांनी बाजूला काढले होते. काम तिथेच संपायचं. पण बाईंना दार दिसलं, नुकतंच रुंद केलेलं. ज्याचा सगळा धंदा एका चिमट्यावर चालतो, त्याला उठाबसायला एवढं दार कशाला? शिवाय मातीवर चुन्याच्या चार फुल्या होत्या.

"या कसल्या?"

"मुलांनी काढल्या असतील."

"घरात मुलं आहेत?"

"नाहीत," घड्याळजी म्हणाले आणि स्वतःच ओशाळले.

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांच्या थोरल्या भावाचं छपाईचं मशीन होतं. भाड्याची जागा महिनाअखेर सोडायची होती, आणि दुसरी मिळाली नाही तर मशीन भंगारात जाणार होतं.

"त्यांना सांगितलंत, इथे आणा म्हणून?"

"अकरा वर्षं बोलणं नाही आमचं. आधी जागा तयार होऊ दे."

"चार इंचावर ते ठेवलंत तर महिन्याभरात कोबा दुभंगेल. आठ इंच हवेत."

म्हणजे दुप्पट. घड्याळजींचा चेहरा पडला. बाई फुल्यांपाशी उकिडव्या बसल्या, टेप लावली. आठ फूट बाय सहा.

"सगळीकडे कशाला? फुल्यांच्या आत तेवढे आठ इंच करू. तीन गोण्या वाढतील. माप बरोबर आहे ना?"

"तोंडपाठ आहे. त्याच मशीनवर काम शिकलो आम्ही दोघं." तीन गोण्यांचं काहीतरी बघतो, म्हणाले.

बाईंनी अंदाजपत्रकात लिहिलं : भावाच्या मशीनखाली जादा जाडी, तीन गोण्या. घड्याळजींनी ती ओळ दोनदा वाचली.

"हे असंच लिहायला हवं?"

"कशासाठी ते लिहिल्याशिवाय मी सही करत नाही."

अकरा वर्षांत ज्या माणसाला भावाला दोन ओळी लिहिता आल्या नव्हत्या, त्याने तो कागद पाकिटात घातला आणि वर एक शब्दही न लिहिता पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी बाई खोदाई बघायला आल्या, तर दारात एक माणूस उभा. नाक थेट घड्याळजींचं, नखांत शाई, हातात तोच कागद. त्याने फुल्यांकडे पाहिलं, घड्याळजींकडे नाही.

"आठ नाही रे. नऊ फूट."

"आठच."

"नऊ. पुढे येणारा पायटा मापात कुठे धरलास? तेव्हाही विसरायचास आणि नडगी फोडून घ्यायचास."

घड्याळजींनी पायाने दोन फुल्या पुसल्या आणि चुन्याचा डबा भावापुढे धरला. "तूच काढ, दादा."

तीस वर्षांत बाईंचं माप चुकलं नव्हतं. आज चुकलं, आणि त्यांना त्याचा आनंद झाला. अकरा वर्षं का बोलला नाहीत, हा प्रश्न अगदी जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला, पेन काढलं आणि विचारलं, "अर्धी गोणी वाढेल. कुणाच्या नावावर लिहू?"

"माझ्या," दोघं एकदम म्हणाले.